चाको: रिकाम्या दिसणाऱ्या जंगलात प्राणी कसे बघतात

युरोपियन संघाने २०२३ मध्ये एक कायदा केला. ३१ डिसेंबर २०२० नंतर ज्या जमिनीवरचं जंगल तोडलं गेलं, तिथून आलेलं सोयाबीन, गोमांस, कातडं, लाकूड, कॉफी, कोको, रबर आणि पाम तेल युरोपच्या बाजारात येऊ द्यायचं नाही, असा तो कायदा. त्याची अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आहे. या वादाच्या बातम्यांत ॲमेझॉनच्या जोडीला आणखी एक नाव येतं: ग्रान चाको. बातमीसोबतच्या फोटोत बहुतेक वेळा धूळ, काटेरी झुडपं आणि बुलडोझर असतो. तो बघून वाचकाला साहजिकच वाटतं, की या रखरखाटात वाचवण्यासारखं आहे तरी काय?

ज्यांना जंगलाची आवड आहे त्यांचा प्रश्न वेगळा असतो. जॅग्वार, म्हणजे अमेरिका खंडातला बिबट्यासारख्या ठिपक्यांचा मोठा शिकारी प्राणी, बघायला जगभरचे लोक ब्राझीलच्या पंतनाल या पाणथळ प्रदेशात जातात. तिथे बोटीत बसायचं, नदीकाठी पहुडलेला जॅग्वार बघायचा, फोटो काढायचे. त्याच पंतनालला लागून चाको आहे, तिथेही जॅग्वार आहे, पण तिथे आठवडाभर राहूनही तो न बघता परतणारे कितीतरी. मग तिथे प्राणी खरंच आहेत का, आणि असतील तर ते आहेत हे कळतं कसं?

माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. चाको रिकामा दिसतो म्हणून तो रिकामा धरला जातो, आणि रिकामी धरलेली जमीन सपाट करताना कोणाचा हात अडखळत नाही. म्हणून तिथले प्राणी-पक्षी कसे बघायचे हे समजून घेणं पर्यटकांपुरतं राहत नाही.

चाको आहे तरी कुठे?

ॲमेझॉनच्या दक्षिणेला आणि अँडीज पर्वताच्या पूर्वेला पसरलेलं सपाट मैदान म्हणजे ग्रान चाको. त्याचा सर्वांत मोठा भाग अर्जेंटिनात, मग पॅराग्वे आणि बोलिव्हियात आणि थोडासा ब्राझीलमध्ये. क्षेत्रफळ साधारण दहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून थोडं जास्त. ॲमेझॉनखालोखाल त्या खंडातलं सर्वांत मोठं जंगल हेच. पॅराग्वे देशाची सुमारे ६० टक्के जमीन चाकोत मोडते, पण देशातली पाच टक्के माणसंही तिथे राहत नाहीत.

अँडीजवरून वाहत आलेला बारीक गाळ युगानुयुगं साचून हे मैदान तयार झालं. त्यामुळे मैलोन् मैल चाललं तरी पायाला दगड लागत नाही. पिल्कोमायो नदी तर स्वतःच्या गाळाने स्वतःचंच पात्र बुजवते आणि भलतीकडे वळते. जमिनीखालचं पाणी बऱ्याच भागात खारं आहे, त्यामुळे विहीर खणून भागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं गोड्या पाण्यावर अवलंबून आहे.

पूर्वेकडच्या चाकोत वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो 'ओला चाको'. पश्चिमेकडे जावं तसा पाऊस घटत ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे आपल्या सोलापूर-अहिल्यानगरइतका. तो 'कोरडा चाको', आणि हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

कोरडं जंगल ठरतं ते निव्वळ पावसाच्या आकड्यावर नाही. वर्षाचे कित्येक महिने सलग पाऊस नसणं, आणि जेवढं पाणी पडतं त्याहून जास्त पाणी उडवून नेण्याची ताकद ऊन-वाऱ्यात असणं, ही त्याची ओळख. या अर्थाने आपलं ताडोबा, मेळघाट आणि पेंचही कोरडी जंगलंच आहेत. चाको दक्षिण गोलार्धात असल्याने तिथे उन्हाळा नोव्हेंबर ते मार्च, पाऊसही तेव्हाच, आणि पारा ४५ अंशांच्या वर जातो. जून ते ऑगस्ट कोरडा हिवाळा. त्या दिवसांत उत्तरेचा वारा सुटला की गरम धूळ उडते, आणि दक्षिणेचा सुटला की एका दिवसात तापमान शून्याजवळ येऊ शकतं.

काट्यांचं रान, पण खुरटं नव्हे

केब्राचो नावाच्या झाडाचं लाकूड इतकं घट्ट, की पाण्यात टाकलं तर बुडतं. रेल्वेचे स्लीपर आणि कुंपणाचे खांब यांसाठी, शिवाय कातडी कमावायला लागणाऱ्या टॅनिनसाठी ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपासून तोडलं जातंय. त्याच्या शेजारी पालो बोराचो उभं असतं. त्याचं खोड मध्ये फुगलेलं, आत पाणी साठवलेलं आणि बाहेरून जाड काटे. अल्गारोबो हा आपल्याकडे माळरान व्यापून बसलेल्या वेड्या बाभळीचा जवळचा नातेवाईक आहे. वेडी बाभूळ आपल्याकडे आली ती अमेरिका खंडातूनच. फड्या निवडुंगही तिकडचाच, आणि चाकोत निवडुंगांचे कितीतरी प्रकार माणसापेक्षा उंच वाढतात.

या सगळ्याच्या पायाशी अननसाच्या कुळातली, करवतीसारख्या कडांची पानं दाटीने पसरलेली असतात. अर्जेंटिनातल्या विची आदिवासी स्त्रिया या पानांचा धागा काढून पिशव्या विणतात. आपल्यासारख्या माणसाला मात्र त्यातून दहा पावलंही नीट चालता येत नाही. अर्जेंटिनातल्या चाकोच्या एका भागाचं नावच 'एल इम्पेनेत्राब्ले', म्हणजे जिथे शिरता येत नाही असं रान.

आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात प्राणी दिसतात कारण नजर लांब जाते. चाकोत ती काट्यांच्या पहिल्या पडद्याला अडते. पाच मीटरवर पेकरींचा कळप उभा असेल तरी आपल्याला फक्त दातांचा कटकट आवाज आणि उग्र वास येईल. पेकरी म्हणजे दिसायला रानडुकरासारखा, पण वेगळ्या कुळातला प्राणी.

दिवसा काहीच का दिसत नाही?

दुपारी दोन वाजता ४२ अंशांत बाहेर पडणं कोणत्याही सस्तन प्राण्याला परवडत नाही. घाम गाळून किंवा धापा टाकून अंग थंड करायचं तर पाणी खर्च होतं, आणि पाणीच तर कमी आहे. म्हणून इथले बहुतेक सस्तन प्राणी पहाटे, संध्याकाळी आणि रात्री हिंडतात. एवढं आपल्याला आपल्या जंगलांतूनही ठाऊक असतं. चाकोत गंमत पुढे आहे: ही वेळ ठरलेली नसते, हवामानाप्रमाणे ती सरकते.

महाकाय मुंगीखाऊचं उदाहरण घ्या. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या झुपक्यापर्यंत दोन मीटरच्या आसपास लांब, वजन तीस-चाळीस किलो, तोंडात एकही दात नाही. मुंग्या आणि वाळवी हेच त्याचं अन्न, आणि त्यातून मिळणारी ताकद बेताची. त्यामुळे त्याच्या शरीराचं तापमान इतर बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा कमी, साधारण ३३ अंश असतं. उकाडा असेल तेव्हा तो रात्री चरतो आणि दिवसा सावलीत झोपतो. दक्षिणेचा गार वारा सुटला की उलटं होतं: रात्री तो शेपूट अंगावर पांघरून पडून राहतो आणि भर दिवसा, उन्हात, रस्त्याच्या कडेला वारूळ उकरताना दिसतो. थंडीची लाट आली की अनुभवी वाटाडे दुपारी गाडी काढतात, ते यासाठी.

अर्जेंटिनाच्या फोर्मोसा प्रांतात, ओल्या चाकोतल्या नदीकाठच्या झाडीत, निशाचर माकडांची एक जात राहते. नाव निशाचर असलं तरी इथली माकडं दिवसाही जागी असतात. चांदणी रात्र असेल तर ती रात्री भरपूर हिंडतात. अमावास्येच्या काळोखात बसून राहतात आणि ती कसर सकाळी भरून काढतात. एक नर, एक मादी आणि पिल्लं असं त्यांचं कुटुंब असतं, आणि पिल्लू बहुतेक वेळ बापाच्या पाठीवर असतं. ती बघायला जायचं तर आधी पंचांग उघडावं लागतं.

तेव्हा 'दिवसभर फिरलो, काही दिसलं नाही' या वाक्याचा चाकोत फारसा अर्थ नाही. कोणत्या महिन्यात, वारा कुठला, चंद्र किती, हे कळल्याशिवाय त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

पाणी, मीठ आणि रस्ता

वेळ कळली, आता जागा. बुद्धपौर्णिमेला आपल्याकडे अभयारण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्राणीगणना करतात. त्यामागचा विचार सरळ आहे: ऐन वैशाखात पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं, तिथे सगळ्यांना यावंच लागतं, आणि चांदणं असल्याने दिसतं. चाकोत हाच विचार जुलै ते सप्टेंबर या काळाला लागू पडतो. फरक एवढा, की तिथले बरेच पाणवठे माणसाने खणलेले आहेत. पावसाचं पाणी धरायला गुराखी आणि शेतकरी मोठे खड्डे खणतात. त्यांना 'ताहामार' म्हणतात. ते गुरांसाठी असतात, पण रात्री तिथे टॅपिर (छोट्या सोंडेसारखं नाक असलेला मोठा शाकाहारी प्राणी) येतो, कोल्हे येतात, हरणं येतात. जॅग्वारही येतो, आणि तिथे त्याला वासरू सापडलं तर गुरांच्या मालकाशी त्याचं वैर सुरू होतं.

दुसरी जागा खाऱ्या मातीची. पानं आणि निवडुंग खाणाऱ्यांना क्षार कमी पडतात, म्हणून ते ठरावीक ठिकाणची माती चाटायला येतात. पानं कापणाऱ्या मुंग्या खोलवरची माती वर आणून ढीग घालतात, ती मातीही पेकरी चाटतात.

तिसरी जागा आश्चर्य वाटेल अशी: रस्ता. ज्या काट्यांतून आपल्याला चालता येत नाही, त्यातून प्राण्यांनाही फुकटचे ओरखडे नको असतात. १९३२ ते १९३५ या काळात बोलिव्हिया आणि पॅराग्वे यांच्यात चाकोवरून युद्ध झालं, त्यात सैन्याने रानातून वाटा काढल्या. पुढे तेल आणि वायू शोधणाऱ्यांनी सरळ रेषेत पट्टे कापले. रात्री या वाटांवर जॅग्वार, प्यूमा (अंगावर ठिपके नसलेलं मोठं रानमांजर), टॅपिर आरामात चालतात. सकाळी ऊन आणि वारा वाढण्याआधी गेलं तर रात्रीचा सगळा हिशोब धुळीत उमटलेला असतो. टॅपिरच्या पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्याला तीन, त्यामुळे त्याचा ठसा नवख्यालाही ओळखता येतो. जॅग्वारचा ठसा रुंद आणि गोलसर, नखांच्या खुणांशिवाय.

रात्री रस्त्याने जाताना बॅटरी हातात खाली न धरता डोळ्यांच्या पातळीवर धरायची. बऱ्याच निशाचर प्राण्यांच्या डोळ्यात पडद्यामागे एक चकचकीत थर असतो. तो प्रकाश परत फेकतो, तोही आला त्याच दिशेने. बॅटरी आपल्या डोळ्याजवळ असेल तरच ती चमक आपल्यापर्यंत येते. मग आधी डोळे दिसतात आणि प्राणी नंतर. रस्त्यावर बसलेला रातवा अगदी जवळ गेल्याशिवाय उठत नाही, त्याचा डोळा मात्र शंभर पावलांवरून निखाऱ्यासारखा दिसतो.

पक्षी आधी ऐकायचे

पहाटे चाको शांत नसतो. चाराता नावाचे कोंबडीएवढे, लांब शेपटीचे पक्षी झाडांच्या शेंड्यांवर बसून स्वतःच्या नावाचा गजर करतात. एका थव्याने सुरू केलं की दुसरा उत्तर देतो, आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं. त्यातच सेरिएमाची साद मिसळते, मैलभर तरी ऐकू जाईल अशी. सेरिएमा हा लांब पायांचा, उडण्यापेक्षा पळणं पसंत करणारा पक्षी. सरडा किंवा साप पकडला की चोचीत धरून जमिनीवर आपटत राहतो, तो मऊ होईपर्यंत. याची काळ्या पायांची जात ही खास चाकोची ओळख आहे.

पक्षीनिरीक्षकांना चाकोत यावंसं वाटतं ते अशा जातींसाठी. चाको घुबड, काळ्या अंगाचा मोठा सुतार, तुरेवाला गालितो: दुसरीकडे त्या सहसा बघायलाच मिळत नाहीत. गालितो जमिनीवरून शेपूट उभी करून धावतो, आणि दोन झुडपांमधल्या मोकळ्या जागेत दिसला तेवढाच.

दिवसाही निवांत बघता येईल अशी एक गोष्ट मात्र आहे: राखी छातीच्या मोंक पोपटांचं घरटं. जगातले बहुतेक पोपट झाडाच्या ढोलीत राहतात. हा एकटाच पोपट काटक्यांचं घरटं बांधतो, तेही सामाईक. काटेरी काटक्या एकमेकींत अडकवून मोठा भारा तयार होतो, त्यात प्रत्येक जोडीची वेगळी खोली, आणि खोलीचं तोंड बहुधा खालच्या बाजूला. दरवर्षी डागडुजी होते, खोल्या वाढतात. मग एखाद्या खोलीत ठिपकेदार पंखांचा छोटा ससाणा येऊन राहतो. स्वतः घरटं न बांधणारा हा शिकारी पक्षी पोपटांच्या खोल्या वापरतो, आणि कधी कधी शेजारच्या खोलीत पोपट नांदत असतात. अशा एका भाऱ्याखाली तासभर बसलं तर चाकोबद्दल बरंच कळतं.

पॅराग्वेच्या मध्य चाकोतल्या खाऱ्या तळ्यांवर चिली रोहित आणि कोस्कोरोबा हंस येतात, शिवाय उत्तर अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडून येणारे चिखलपक्षी. पण ही तळी एखाद्या वर्षी पूर्ण कोरडी पडतात, तेव्हा ठरवून जाणाऱ्याला तिथे फक्त पांढरं मीठ दिसतं.

'नामशेष' प्राणी, जो नामशेष नव्हताच

न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हे तागुआने शास्त्रज्ञांना शिकवलं. तागुआ ही पेकरीची सर्वांत मोठी जात, वजन तीस-चाळीस किलो. १९३० मध्ये कार्लोस रुस्कोनी या अर्जेंटिनी संशोधकाने जमिनीत सापडलेल्या हाडांवरून तिचं वर्णन केलं आणि ती नामशेष झालेली जात म्हणून नोंदली गेली. पुढे १९७५ मध्ये राल्फ वेट्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की हा प्राणी पॅराग्वेच्या चाकोत जिवंत आहे. स्थानिक लोक तोवर त्याची शिकार करत होते, मांस खात होते, आणि तो इतर दोन पेकरींपेक्षा वेगळा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांना विचारायला कोणी आलं नव्हतं, इतकंच.

तागुआ निवडुंगावर जगतो. काट्यांचं काय करतो, तर निवडुंगाचा तुकडा नाकाने जमिनीवर लोळवतो, काटे घासून मोडतो, उरलेले दातांनी उपटून थुंकतो आणि मग खातो. निवडुंगातून त्याला पाणीही मिळतं, म्हणून पाणवठ्यापासून दूर तो तग धरू शकतो. संकट आलं की कळप पळून न जाता दात वाजवत एकत्र उभा राहतो. जॅग्वारसमोर ही रीत उपयोगाची असेल, बंदुकीसमोर ती घातक ठरते, कारण एकेक करत अख्खा कळप मारता येतो. १९८५ पासून पॅराग्वेच्या चाकोतल्या फिलाडेल्फिया या गावाजवळ तागुआचं एक प्रजनन केंद्र चालतं. ज्यांना रानात तागुआ दिसत नाही, ते तिथे तो बघतात.

मग न दिसणारे प्राणी मोजतात कसे?

कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे समोरून ऊब आणि हालचाल गेली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने. पण फोटो मोजून आकडा मिळत नाही. एकच जॅग्वार दहा वेळा येऊ शकतो, आणि दहा जॅग्वार एकदाही येणार नाहीत असंही होऊ शकतं. इथे एक साधी युक्ती वापरतात.

समजा डब्यात हरभरे आहेत आणि किती ते मोजायचे नाहीत, फक्त अंदाज हवा आहे. ५० दाणे काढा, शाईचा ठिपका लावा, परत टाका, डबा नीट हलवा. पुन्हा ५० काढा. त्यात ठिपक्याचे ५ निघाले, तर आपण ठिपका लावलेले दाणे एकूण दाण्यांच्या दहाव्या हिश्श्याइतके असणार. म्हणजे डब्यात अंदाजे ५००.

जॅग्वारला शाई लावावी लागत नाही. त्याच्या अंगावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. पहिल्या फेरीत कोण कोण दिसलं आणि पुढच्या फेऱ्यांत त्यातले किती पुन्हा दिसले, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षी सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात.

वाघांच्या पट्ट्यांवरून अशी मोजणी रूढ केली ती उल्हास कारंथ यांनी, कर्नाटकातल्या नागरहोळेत, १९९० च्या दशकात. आपल्याकडची आजची व्याघ्रगणना त्याच वाटेने आली आहे. तीच पद्धत बोलिव्हियाच्या का-इया राष्ट्रीय उद्यानात जॅग्वारसाठी वापरली गेली, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज होता या एका उद्यानात हजाराच्या घरात जॅग्वार असण्याचा. जिथे महिनोन् महिने कोणाला जॅग्वार दिसत नाही, त्या रानातला हा आकडा आहे.

याला मर्यादा आहेत. तागुआच्या किंवा कोल्ह्याच्या अंगावर अशी ओळखू येणारी नक्षी नसते, त्यामुळे त्यांना ही रीत थेट लागू होत नाही. तिथे ठसे, विष्ठा आणि जाणकार माणूस लागतो. एरिका क्वेयार या बोलिव्हियन जीवशास्त्रज्ञांनी चाकोतल्या ग्वारानी आणि इतर समाजांतल्या तरुणांना यासाठी शिकवून तयार केलं. शिकारीत मुरलेल्या घरातल्या माणसाला माग काढायला शिकवावं लागत नाही, नोंद ठेवायला शिकवावं लागतं. २०१२ मध्ये या कामासाठी त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

'राष्ट्रीय उद्यानं आहेत ना, मग काळजी कसली?'

का-इया उद्यान खरोखर अवाढव्य आहे: सुमारे ३४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पासारखे जवळपास वीस मावतील. १९९५ मध्ये ते झालं तेच मुळी इसोसो भागातल्या ग्वारानी लोकांच्या पुढाकाराने. अशी उद्यानं फार थोडी.

अर्जेंटिनातलं एल इम्पेनेत्राब्ले उद्यान २०१४ चं, सुमारे १,२८० चौरस किलोमीटरचं. अर्जेंटिनाच्या चाकोत मिळून वीसच्या आसपासच जॅग्वार उरल्याचं मानलं जातं. २०१९ मध्ये या उद्यानात एक नर सापडला, त्याला 'कारामता' नाव मिळालं. त्याला जोडीला रानातली मादीच नव्हती, म्हणून पिंजऱ्यात वाढलेली मादी तिथे आणावी लागली. २०२१ मध्ये त्यांना पिल्लं झाली. ही आनंदाची बातमी आहे. पण उद्यानाचं जंगल शाबूत असूनही मादी शिल्लक राहिली नव्हती, हे त्यातलं मुख्य वाक्य.

कारण उद्यानाबाहेरचं रान गेलं. १९८५ ते २०१३ या काळात चाकोतल्या सुमारे १,४२,००० चौरस किलोमीटर जंगलाचं शेत किंवा कुरण झालं. हे जवळपास निम्म्या महाराष्ट्राइतकं झालं. दोन बुलडोझरमध्ये जाड साखळी बांधायची आणि ते समांतर चालवायचे, की मधली झाडं मुळासकट आडवी होतात. मग ती ओळीने रचून पेटवतात आणि गवत पेरतात. हे गवत म्हणजे आपल्या गोठ्यांना माहीत असलेल्या गिनी गवताचाच एक वाण. पॅराग्वेचा कायदा मोठ्या जमीनमालकाला २५ टक्के जंगल राखायला सांगतो. ते राखलं जातंही, पण सुट्या चौकोनांत आणि पट्ट्यांत. नकाशावर जंगल दिसतं, आणि जॅग्वारला एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना गुरांमधून जावं लागतं.

सुरुवातीला सांगितलेल्या युरोपच्या कायद्यालाही इथे भोक आहे. त्यातली जंगलाची व्याख्या अशी: किमान अर्धा हेक्टर जागा, पाच मीटरहून उंच झाडं आणि दहा टक्क्यांहून जास्त छाया. चाकोतलं उंच रान त्यात बसतं. निवडुंग आणि झुडपांचा पट्टा, जिथे तागुआ राहतो, तो कित्येक ठिकाणी बसत नाही.

'तिथल्या लोकांनी पोट भरायचं नाही का?'

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला झटकून टाकू नये. १९२७ पासून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे लोक कॅनडा आणि रशियातून छळ आणि सक्ती चुकवत पॅराग्वेच्या चाकोत आले. पाणी नाही, रस्ता नाही, अशा जागी त्यांनी सहकारी दूधधंदा उभा केला. आज पॅराग्वेतलं बरंचसं दूध त्यांच्याकडून येतं. त्यांना खलनायक ठरवणं सोपं आणि चुकीचं आहे.

पण 'लोक' म्हणताना सगळे मोजायला हवेत. आयोरेओ आदिवासींचे काही गट आजही पॅराग्वेच्या चाकोत बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवता राहतात. ॲमेझॉनच्या बाहेर दक्षिण अमेरिकेत असे लोक फक्त इथेच आहेत. जंगल तुटलं की त्यांच्याकडे जायला दुसरी जागा नसते.

शेतीच्या हिशोबानेही सगळी तोड शहाणपणाची नाही. चाकोतली खोल मुळांची झाडं पावसाचं जवळजवळ सगळं पाणी शोषून घेतात, त्यामुळे जमिनीच्या पोटातलं मीठ तिथेच पडून राहतं. झाडं काढून उथळ मुळांचं पीक घेतलं की पाणी खाली झिरपतं, खारं भूजल हळूहळू वर चढतं आणि मीठ मुळांपर्यंत पोचतं. सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचा शेवट सांगायला नको. आपल्याकडे तो अतिरेकी पाटपाण्याने झाला, तिथे निव्वळ झाडं गेल्याने होऊ शकतो.

आपला काय संबंध?

थोडा आहे, आणि तो वाढवून सांगण्यात अर्थ नाही. भारत सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणावर आयात करतो आणि त्याचा सर्वांत मोठा पुरवठादार गेली कित्येक वर्षं अर्जेंटिना आहे. तिथलं बहुतेक सोयाबीन पंपास नावाच्या सुपीक मैदानी पट्ट्यात पिकतं, चाकोत नाही. पण १९९६ नंतर जनुकीय बदल केलेलं बियाणं आलं आणि सोयाबीन उत्तरेला साल्ता, सांतियागो देल एस्तेरो आणि चाको या प्रांतांत सरकलं, जंगलाच्या जागेवर. दुकानातल्या पिशवीवर कुठल्या प्रांतातलं तेल ते लिहिलेलं नसतं. युरोपच्या कायद्यात कितीही भोकं असली तरी तो निदान हा प्रश्न विचारतो. आपल्याकडे तो अजून विचारलाच गेलेला नाही, आणि तो विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

जायचंच असेल तर

जुलै ते सप्टेंबर सस्तन प्राण्यांसाठी बरा काळ. पक्ष्यांची गाणी आणि पाहुणे हवे असतील तर सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढे जावं, पण पाऊस लागला की मातीच्या रस्त्यांवर गाडी जागची हलत नाही. पॅराग्वेची राजधानी आसुन्सिओनहून फिलाडेल्फिया साधारण साडेचारशे किलोमीटर, ट्रान्सचाको महामार्गाने. उबदार जाकीट आणि सुती कपडे दोन्ही न्यावे लागतात, कारण आठवड्यात दोन्ही ऋतू भेटू शकतात. स्पॅनिश येणारा स्थानिक वाटाड्या आणि पुरेसं पिण्याचं पाणी यांशिवाय मुख्य रस्ता सोडू नये. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्यावी आणि प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावं. पॅराग्वे, बोलिव्हिया, अर्जेंटिना आणि ब्राझील हे चारही देश भारताच्या यादीत आहेत, आणि ते प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.